आखाडातली गाठ

आखाडात आडसाली लावण चालली होती. सऱ्यांतून पाणी सोडलेलं, बायका ओळीनं वाकून उसाची टिपरी पायानं चिखलात दाबत होत्या आणि चंद्रा बांधावरनं टिपऱ्यांच्या पाट्या आणून देत होती. अशीच एक पाटी डोक्यावरनं उतरवताना तिचा काठ डाव्या छातीला लागला. चंद्रा जागच्या जागी थांबली. लागलं म्हणून नव्हे. काठाखाली जे दाबलं गेलं ते अंगाचं वाटेना. कच्च्या आवळ्यासारखं टणक काहीतरी होतं.

सांजच्याला न्हाणीत तिनं चाचपून बघितलं. गाठ होती. सरकत नव्हती, दुखतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवरा एकटा सापडला तसं तिनं सांगितलं. ज्ञानू पाणी पुढच्या सरीत वळवायला खोऱ्यानं पाटाचं दारं मोडत होता.

"आवं, मला हितं गाठ लागतीया."

"कुटं?"

तिनं पदरावरनंच हात ठेवून दाखवलं. ज्ञानूनं आधी बांधाकडं, बायकांच्या ओळीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"दुखती का?"

"न्हाई."

"मग कशाला पिरपिर करतीस? लावण हुंद्या. ह्या बाया आज हायत, उद्या दुसऱ्याच्या रानात जात्याल."

लावण झाली. मग खुरपण आली, तिच्या पाठोपाठ उसाला माती चढवायची भरणी. उंब्रजच्या आतल्या अंगाला, तारळीच्या काठाला त्यांचं रान. ज्ञानूचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा, धनाजीचा, बांधाला बांध. घरं शेजारी शेजारी, दोन्ही अंगणांच्या मधी एक कंबरेएवढी भिंत. मधल्या काळात धनाजीच्या बायकोनं, शालननं, आपल्या माहेराहून, पलूसकडनं, कुणा म्हातारीचा काळा लेप आणून दिला. "गुण येतूया बगा आक्का, आमच्या मावशीची असलीच गाठ बसली." लेपानं गाठ बसली नाही, वरची कातडी मात्र भाजल्यासारखी सोलून निघाली. चंद्रा चोळीच्या आत जुन्या धोतराची घडी ठेवून खुरपत राहिली. एकदा तिनं पुन्हा विषय काढला तेव्हा ज्ञानू ताटावरनं म्हणाला, "सारखं काय त्येच गं? मानसाच्या अंगाला गाठी हुत्यात."

दिवाळीला धैर्यशील आला. एकुलता एक पोरगा, फौजेत, लांब आसामच्या बाजूला. पहिल्या आंघोळीला चंद्रा त्याला पाटावर बसवून तेल चोळत होती. हात वर नेताना काखेत कळ आली आणि ती थबकली. धैर्यशीलनं मान वळवून बघितलं. आईच्या चोळीवर रुपयाएवढा ओला डाग होता, तांबूस.

"आई, ह्ये काय?"

"तेल सांडलं आसंल."

"तेल तांबडं आसतंय व्हय?"

तो तसाच, अंगाचं तेल न धुता उठला. तिला खोलीत नेऊन विचारलं. तिनं खाली बघत सगळं सांगितलं, पण ज्ञानूला कधी सांगितलं होतं तेवढं मात्र सांगितलं नाही. पाडवा झाला आणि पोरगा दोघांनाही गाडीत घालून कराडला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तपासणारी डॉक्टर तरुण होती, धैर्यशीलच्याच वयाची. तिनं विचारलं, "मावशी, कधीपासून आहे?"

चंद्रानं तोंड उघडायच्या आत ज्ञानू म्हणाला, "पंदरा दिस झालं असत्याल."

डॉक्टरनं पडद्याआड नेऊन हात लावून बघितलं. छाती बघितली, काख बघितली, लेपानं सोललेली कातडी बघितली. मग हळू आवाजात म्हणाली, "पंधरा दिवसांत एवढी होत नाही, मावशी."

पडद्यापलीकडं ज्ञानूच्या पायतानांचा आवाज येत होता. उभ्या उभ्या पाय बदलत होता तो. चंद्रा फरशीकडं बघत गप राहिली. हा माणूस लबाड बोलला हे तिला समजत होतं. आपणही गप बसून त्याला साथ देतोय हेही समजत होतं. पण पोरगा दाराशी उभा होता, आणि पोराच्या देखत बापाला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

तपासात कॅन्सर निघाला. छाती काढली, पुढं केमोची सलाईनं लावायची ठरली. उपचार सरकारी योजनेत बसले, त्याची काळजी नव्हती. धैर्यशील सुट्टी संपेपर्यंत खाटेजवळ होता. जाताना बापाला म्हणाला, "आबा, सलाईनच्या प्रत्येक येळंला तुमी संगं जायाचं. एकटीला सोडायचं न्हाई." ज्ञानू म्हणाला, "म्या काय परका हाय व्हय रं?"

घरी आल्यावर काखेतनं निघालेली नळी आणि तिची बाटली घेऊन चंद्रा हिंडायची. बाटलीत तांबडं पाणी जमायचं. पहिल्यांदा पट्टी बदलायची वेळ आली तेव्हा तिला मागं हात पोचेना. तिनं ज्ञानूला हाक मारली. तो आत आला, बघितलं, आणि दाराच्या चौकटीकडं तोंड फिरवून म्हणाला, "झाक ते."

"पट्टी तेवढी धरा."

"शालनला बोलव."

त्या दिवसापासून त्यानं आपली वाकळ गोठ्याला लागून असलेल्या पडवीत टाकली. म्हशीला चोर लागत्यात, असं शेजाऱ्यांना सांगितलं. तीस वर्षं म्हशीला चोर लागले नव्हते.

पहिल्या सलाईनला ज्ञानू आला. दुसऱ्या सलाईनच्या दिवशीच गेल्या सालच्या उसाला टोळी आली. सकाळी कोयते घेऊन माणसं रानात उतरली आणि ज्ञानू पायतानं घालता घालता म्हणाला, "आज तू जा. टोळी सोडून म्या दवाखान्यात बसलो तर फड तसाच टाकून जात्याल ती."

"पोरगं काय म्हनलं व्हतं?"

"पोरगं लांब बसून बोलतंय. ऊस वाळला तर त्यो येनार हाय व्हय तोडाया?"

चंद्रा एकटी गेली. जाताना बरं होतं. येताना एसटी कराड सोडून पुढं आली आणि पोटातनं उसळलं. पिशवी काढेपर्यंत उलटी पायांवर, चपलांवर, पुढच्या बाकाखाली झाली. लोकांनी पाय वर घेतले. एक पांढऱ्या टोपीचा म्हातारा म्हणाला, "सोसत न्हाई तर परवास कशाला करायचा?" कुणीतरी खिडकी उघडली. चंद्रानं पदरानं तोंड पुसलं, तर डोक्यावरचा रुमाल सरकला आणि टक्कल उघडं पडलं. मग बस एकदम गप झाली. त्या गप बसण्यानं तिला उलटीपेक्षा जास्त लाज वाटली.

मागच्या बाकावरनं एक माणूस पाण्याचा कॅन घेऊन आला. त्यानं खाली पाणी ओतलं आणि वर्तमानपत्राच्या कागदानं ढकलत ढकलत सगळं दाराकडं नेलं. त्याच्या बायकोनं चंद्राचा हात धरून आपल्याजवळ बसवलं. तिच्या डोक्यालाही ओढणी घट्ट गुंडाळलेली होती.

"मला बी तसंच हुतंय," ती म्हणाली. "आवळ्याची सुपारी ठेवा तोंडात."

ती जीनत. उंब्रजच्या बाजारपेठेत शिलाईचं दुकान. नवरा रसूल, सायकली आणि मोटारसायकलींची पंक्चर काढायचा. पुढं प्रत्येक वेळी स्टँडवर गाठ पडायला लागली. रसूल दुकान बंद ठेवून यायचा. बायकोची सलाईन चालू असली की खाली पायरीवर बसून राहायचा आणि मधनं मधनं वर येऊन दारातनं डोकावून जायचा. चंद्राला त्याचं डोकावणं बघवायचं नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडायची.

एकदा जीनतनं विचारलं, "तुमचे मालक कधी दिसत न्हाईत?"

"ऊस चाललाय," चंद्रा म्हणाली.

"आमचं बी दुकान चालतंय," जीनत म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं आपण बोलायला नको होतं. तिनं विषय बदलून चोळीचं माप विचारलं. पुढच्या खेपेला तिनं एक चोळी शिवून आणली, डाव्या अंगाला आत खिसा असलेली, आणि खिशात मोहरी भरलेली पिशवी. "कापूस हलका हुतो, वर चढतो. मोहरीला वजन असतंय." चंद्रानं दवाखान्याच्या मोरीत ती घालून बघितली. पदर दोन्ही अंगांना सारखा बसला. बाहेर येऊन तिनं जीनतचा हात तेवढा धरला. बोलायला गेली असती तर रडली असती.

घरी शालनचं वागणं बदललं होतं. आधी ती भाकरी घेऊन चुलीपर्यंत यायची, आता भिंतीवरनं ताट सरकवायची. ताट कायम एकच, कडेला पोचा आलेलं. चंद्रानं ते धुऊन परत दिलं की शालन पुन्हा राखेनं घासायची, तिच्या देखत. शालनच्या पोरीला, अंकिताला, स्थळं येत होती. एका दुपारी धनाजी आला, उंबऱ्यातच उभा राहिला.

"वैनी, उद्या वाईकडनं पाव्हनं यायचं हायत अंकीला बघाया."

"बरं झालं की. म्या पुरन घालू का?"

धनाजी डोकं खाजवायला लागला. "न्हाई, म्हंजी... तेवढा दिस तुमी रानातल्या खोपीत बसा की. लोकं इचारत्यात, घरात काय रोग हाय का. रगतातनं येतंय म्हनत्यात ह्ये."

"भावजी, अंकीचं अन् माजं रगत कुटं एक हाय? म्या परक्या घरनं आलेली."

"त्ये मला कळतंय हो. पाव्हन्यास्नी कुनी सांगायचं?"

ज्ञानू ओसरीवर बसून विळ्याला धार लावत होता. चंद्रानं त्याच्याकडं बघितलं. धार लावत लावतच तो म्हणाला, "एका दिसानं काय झिजतीस का काय?"

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच खोपीत जाऊन बसली. त्या अंगाचा ऊस तुटून गेला होता, रान उघडं पडलं होतं, पाचट पेटवल्याची काळी राख वाऱ्यावर उडत होती. डोक्याला रुमाल, तोंडात सलाईनचे फोड. जेवायला कुणीतरी पाठवील म्हणून तिनं वाट बघितली. दुपार कलली तरी कुणी आलं नाही. पाव्हण्यांच्या गडबडीत विसरले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग मोटारीच्या पाइपाला तोंड लावून पाणी प्यायली आणि फोडांनी डोळ्यांत पाणी आलं.

ते स्थळ जमलं नाही. वाईकरांनी आठवड्यानं फोनवर नकार दिला. "कुनीतरी सांगितलंच असनार आक्काचं," असं शालन पाणवठ्यावर म्हणाली, आणि ते फिरून चंद्राच्या कानावर आलं.

उन्हाळ्यात रेडिएशनचे शेक झाले. रोज जायचं, रोज यायचं. छातीची कातडी भाकरी करपावी तशी काळी झाली. शेवटच्या दिवशी डॉक्टरनं सांगितलं, "आता गाठ कुठं नाही. गोळी चालू ठेवायची. डाव्या हातानं जड उचलायचं नाही, सूज येईल." चंद्रा घरी आली तेव्हा गोठ्यात वैरण नव्हती. तिनं विळा घेतला. पावसाळा सरता सरता डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजला, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. ज्ञानू म्हणाला, "बरी झालीस म्हनत व्हती ना डाक्टरीन? मग ह्ये काय नवीन?"

केस परत आले. आखूड, कुरळे, पांढरे. गावातली माणसं पुन्हा तोंडाकडं बघून बोलायला लागली.

पुढच्या साली मार्चमध्ये महिला दिनाला ग्रामपंचायतीनं कार्यक्रम धरला. सरपंच वीरधवल तरुण होता, त्याला नव्या गोष्टींची हौस. तो स्वतः घरी आला. "काकी, तुमचा सत्कार करायचा ठरलाय. कॅन्सरवर मात केली म्हून. काकांचा बी. जोडीनं या."

ज्ञानूला ते लय आवडलं. त्यानं पांढरा नेहरू शर्ट इस्त्री करून आणला. चंद्राला म्हणाला, "ती हिरवी साडी नेस. अन् ती चोळी घाल, मोहरीची. सपाट दिसाया नगं."

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. समोर बायका बसलेल्या, मागं पुरुष उभे. तालुक्याच्या एक डॉक्टरीणबाई आलेल्या. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ झाला. मग वीरधवलनं माईक ज्ञानूकडं दिला.

ज्ञानू माणसांत बोलायला कधी भ्यायचा नाही. त्यानं घसा साफ केला. "म्या एवढंच सांगतो. बायको म्हंजी घराची लक्ष्मी. लोक म्हनले, आता काय खरं न्हाई. म्या म्हनलं, रान गेलं तर जाऊ दे, पर मी हिला वाचवनार. ऊस वाळत व्हता, टोळी दारात व्हती, पर म्या हिला एक दिवस पन एकटीला सोडलं न्हाई."

टाळ्या पडल्या. पुढं बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. कुणीतरी मोबाइल वर धरला होता. शालनही टाळ्या वाजवत होती.

चंद्रा शालीखाली सुजलेला हात उजव्या हातात धरून बसली होती. दोन शब्द बोला काकी, असं म्हणून वीरधवलनं माईक तिच्या तोंडाशी आणला. तिनं न्हाई म्हणून मान हलवली. बायका हसल्या. "बोला की वो," कुणीतरी ओरडलं. मग तिनं माईक हातात घेतला. त्यातनं आपलाच श्वास मोठा होऊन बाहेर ऐकू येतोय हे बघून ती दचकली.

"मला ह्यो सत्कार कशापायी केला, कळलं न्हाई," ती म्हणाली. "मेले न्हाई म्हून केला आसंल."

हसू पिकलं. तिला हसू आलं नाही.

"माज्या गाठीचं सांगते. आखाडात लागली. त्याच टायमाला सांगितली. दिवाळीला डाक्टरला दावली. मदल्या दिसांत आमी लावन केली, खुरपन केली, भरनी केली." ती थांबली. "ह्ये म्हनत्यात, एक दिवस पन सोडलं न्हाई. खरं हाय त्ये. लावनीतनं एक दिवस सोडलं न्हाई."

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंडाला पदर लावला.

"डाक्टरीन म्हनली, आदी आला असता तर एवढं कापाया लागलं नसतं. दुसऱ्या सलाईनपासनं मी एकटी गेले. बाया हो, तुमाला सांगते. गाठ लागली तर नवऱ्याला इचारत बसू नका. एसटीत बसा."

तिनं माईक वीरधवलच्या हातात दिला. त्यानं तो असा धरला की जणू त्याला करंट लागतोय. टाळ्या पडायच्या की नाही हे कुणाला ठरवता येईना. डॉक्टरीणबाईंनी एकटीनं वाजवल्या. ज्ञानू उठला आणि मांडवातनं सरळ चालत गेला.

ती घरी आली तेव्हा तो ओसरीवर बसला होता. शाल त्यानं तिच्या खांद्यावरनं ओढून घेतली आणि म्हशीच्या दावणीत टाकली.

"चार मानसांत माजी अब्रू काढलीस."

"तुमी डाक्टरम्होरं पंदरा दिस म्हनला. तवा म्या झाकून घेतलं. आज टाळ्या घ्याया लागला. त्ये मला झाकवंना."

"एक कापली तर जीभ हातभर लांब झाली तुजी."

तो आपलं ताट घेऊन भिंतीपलीकडं धनाजीकडं गेला. त्या दिवसापासून तिकडंच जेवायला लागला.

व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर गेला होता. धैर्यशीलचा फोन आला. पोरगा तरी समजून घेईल असं तिला वाटलं होतं.

"आई, बगितलं मी. खरं असंल तुजं. पर आबांचं चार लोकांत... घरातलं घरात ठेवायचं व्हतं गं. हितं पोरांनी बी बगितलं."

"तुला बी लाज वाटली व्हय?"

मग तो म्हणाला, "तसं न्हाई गं. गोळी खातीस ना टायमावर?"

"खाते," चंद्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

शिमगा होऊन गेला. एका सकाळी ती गोठ्यात शेण भरत होती तेव्हा मागच्या बाजूनं, उकिरड्याच्या वाटेनं, शालन आली. कधी त्या वाटेनं यायची नाही. म्हशीच्या आडोशाला उभी राहिली. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"आक्का, तुमाला हात लावून बगाया येतंय का?"

"काय?"

शालननं पदर बाजूला केला. चंद्रा तिच्याकडं बघत राहिली. त्या घडीला तिला काय वाटलं ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही. तिला बरं वाटलं. पोचा आलेल्या ताटाची, राखेची, त्या उपाशी दिवसाची सगळी जळजळ एकदम थंड झाल्यासारखी. तिनं ते बरं वाटणं ओळखलं आणि तिला आपलीच किळस आली.

तिनं शेणाचे हात पेंढ्याला पुसले, बादलीत धुतले.

"माज्या बोटांत जीव न्हाई सलाईनपासनं," ती म्हणाली. "बगून मला कळनार न्हाई. भावजीस्नी सांगितलंस?"

"त्ये म्हनत्यात, अंकीचं ठरू दे आदी."

"उद्या सकाळची गाडी हाय. लुगडं बदलून फाट्यावर ये."

कराडला शालन बाकावर अशी बसली होती की जणू कुणी तिला तिथं ठेवून गेलंय. सारखी चंद्राचा हात धरायची, नेमका सुजलेला, आणि चंद्रा सोडवून घ्यायची नाही. "आक्का, म्या लय वाईट वागले तुमच्यासंगं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मला माफ करा. मला काय झालं तर अंकीला तुमीच बगा." चंद्रानं तिला पाणी दिलं, कुठल्या खोलीत जायचं ते दाखवलं, सुई घालून पाणी काढतील तेव्हा हात कुठं ठेवायचा ते सांगितलं. तपासाचा निकाल यायला काही दिवस लागले. ते सगळे दिवस शालन गोठ्याच्या वाटेनं येऊन चंद्राजवळ बसायची, वैरण कापू लागायची, भाकरी तिच्याच चुलीवरची खायची, तिच्याच ताटात.

मग दोघी पुन्हा गेल्या. डॉक्टरनं कागद बघितला आणि हसली. "साधी गाठ आहे. काही नाही. सहा महिन्यांनी दाखवा."

शालन रडली, मग हसली, मग स्टँडवर येऊन भेळ घेतली. चंद्रालाही भेळेचा एक कागद दिला. एसटीत खिडकीशी बसून ती माहेरच्या जत्रेचं, अंकिताच्या नव्या स्थळाचं बोलत राहिली. उंब्रज जवळ आलं तशी तिनं पदर नीट केला, तोंड पुसलं.

"आक्का."

"काय गं?"

"गावात बोलू नका हां. डोळं तपासाया गेलतो म्हनू. पोरीचं ठरत आलंय. माजी साधीच हाय म्हना, पर लोकांस्नी फरक कळतोय व्हय?" मग म्हणाली, "अन् फाट्यावरनं तुमी म्होरं व्हा. म्या मागनं येते. दोगी एका जागी दिसलो तर लोकं जोडत्यात."

चंद्रानं हातातला भेळेचा कागद बघितला. अर्धा राहिला होता. तो तिनं शालनच्या मांडीवर ठेवला, उठली आणि गाडी थांबायच्या आधीच दाराकडं गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं धनाजीच्या ओसरीवर ज्ञानू जेवत होता आणि शालन त्याला वाढत होती. "डोळ्याला काय न्हाई म्हनला डाक्टर," ती मोठ्यानं सांगत होती. भिंतीवरनं चंद्राकडं तिनं बघितलं नाही.

अंकिताचं लग्न ठरलं. पत्रिका आली, त्यात ज्ञानूचं नाव होतं. चंद्राला बोलवायला कुणी आलं नाही, आणि ती गेली नाही. ज्ञानू धुतलेला शर्ट घालून भिंतीपलीकडच्या मांडवात गेला आणि दोन दिवस तिकडंच राहिला.

ती वैरण नुसत्या उजव्या हातानं कापायला शिकली होती. पेंडी बगलेत न धरता गुडघ्यानं दाबायची. लग्नाची वाजंत्री चालू होती तेव्हा ती गोठ्यात अशीच बसली होती. उकिरड्याच्या बाजूनं पायांचा आवाज आला. तिनं मान वर केली. वीरधवल सरपंचाची वैनी उभी होती, लग्नातनं उठून आलेली, अंगावर शालू, गजरा. गावात तिच्याशी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, एवढं मोठं ते घर. तिनं मागं वळून बघितलं, कुणी येतंय का ते.

"काकी, आमच्या घरात कळाया नगं," ती म्हणाली.

चंद्रानं विळा खाली ठेवला आणि बसायला पेंडी पुढं सरकवली.

"कवापासनं हाय?"